२१ मिमी आयरिश गेज: वाघीण सांध्यावर एकाच जागी पुन्हा पुन्हा घसरते, तेव्हा काय मोजायचं

लक्षण ओळखीचं आहे. सरळ रुळावर वाघीण सुरेख धावते, वळणावरही तक्रार नाही. सांधा, म्हणजे रूळ दोन वाटांना फुटतो ती जागा, आला, की क्रॉसिंगच्या व्हीपाशी (दोन रूळ छेदतात त्या टोकापाशी) एक चाक किंचित उचलतं, फ्लँज, म्हणजे चाकाची आतली उंच कड, व्हीच्या चुकीच्या बाजूला जातो आणि मागच्या दोन-तीन वाघिणींना घेऊन गाडी आडवी होते. चाकं बदलली, वजन वाढवलं, रूळ पुसले, कपलिंग सैल केलं, तरी चार दिवसांनी तोच प्रकार, त्याच जागी.

आयरिश रेल्वेची मॉडेलं ४ मिमी स्केलमध्ये, खऱ्या प्रमाणातल्या गेजवर (दोन रुळांमधल्या अंतरावर) करणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला हा त्रास येतो. ओओ या प्रचलित ब्रिटिश मॉडेल पद्धतीच्या १६.५ मिमी रुळावर तो क्वचित दिसतो, कारण तिथे रूळ आणि चाकं दोन्ही तयार मिळतात आणि एकमेकांना धरून बनवलेली असतात. आयरिश गेजवर चाकं एका पद्धतीची, अ‍ॅक्सल दुसऱ्या पद्धतीचा आणि सांधा आपण हाताने बांधलेला, असा संसार असतो. खोट बहुतेक वेळा कुठल्या एका भागात नसते. हे भाग एकमेकांना जुळलेले नसतात. म्हणून काहीही बदलण्याआधी मोजायला बसा. एक चांगला डिजिटल कॅलिपर असला तर अर्ध्याहून जास्त काम झालंच.

२१ हा आकडा कुठून येतो

आयर्लंडचा गेज ५ फूट ३ इंच, म्हणजे १६०० मिमी. ४ मिमी स्केल म्हणजे खऱ्या एका फुटाला ४ मिमी, १:७६.२, भागाकार केला की २१ मिमी. हा गेज मुळातच तडजोडीतून आला. डब्लिन–किंग्सटाउन मार्ग १८३४ साली ४ फूट ८½ इंचांवर सुरू झाला, उत्तरेत अल्स्टर रेल्वेने १८३९ साली ६ फूट २ इंच धरले, आणि डब्लिन–ड्रोहेडा कंपनीच्या मनात ५ फूट २ इंच होते. भांडण बोर्ड ऑफ ट्रेडच्या मेजर-जनरल पॅसलींकडे गेलं, त्यांनी ५ फूट ३ इंच सुचवले आणि १८४६च्या कायद्याने तो आकडा पक्का झाला. त्यामुळे आयर्लंडच्या इंजिनांचा आणि डब्यांचा तोंडवळा ब्रिटिश, पण बसण थोडी रुंद. समोरून पाहिलं की ही रुंदी लगेच जाणवते. ग्रेट सदर्न अँड वेस्टर्न रेल्वेचं १०१ वर्गाचं, म्हणजे जे-१५ म्हणून ओळखलं जाणारं छोटं मालगाडी इंजिन १६.५ मिमीवर उभं केलं की पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं. २१ मिमीवर ते खरं वाटतं. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप करावा, असं माझं ठाम मत आहे.

पण २१ हा पाच आकड्यांपैकी फक्त एक आहे. उरलेले चार न जुळवता २१ मिमी रूळ टाकले, तर गाडी सरळ रुळावर धावेल आणि सांध्यावर पडेल.

बाकीचे चार आकडे

क्रॉसिंगवर काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात तिथे व्ही असतो आणि फ्लँज पलीकडे जाण्यासाठी रुळात खाच ठेवलेली असते. त्या खाचेपाशी चाकाला त्या बाजूने कोणी दिशा देत नाही. ते काम समोरच्या रुळालगतची चेक रेल करते: ती पलीकडच्या चाकाची पाठ धरून अख्खी चाकजोडी आपल्याकडे ओढते, म्हणजे अलीकडचा फ्लँज व्हीच्या टोकावर आदळत नाही. सगळं घसरणं किंवा न घसरणं या एका ओढण्यावर ठरतं.

मी ईएम या, ओओपेक्षा रुंद गेजच्या मॉडेल पद्धतीचे आकडे २१ मिमीसाठी वाढवून वापरतो. ईएममध्ये गेज १८.२ मिमी आणि चाकांच्या पाठींमधलं अंतर, म्हणजे बॅक-टू-बॅक, १६.५. गेज २.८ मिमीने वाढला, म्हणून बॅक-टू-बॅकही तेवढंच वाढवायचं: १९.३. खाच १ मिमीच राहते. मग चेक रेलच्या कामाच्या कडेपासून समोरच्या व्हीच्या कडेपर्यंतचं अंतर, चेक गेज, २०.० मिमी येतं. चेक रेलपासून समोरच्या विंग रेलपर्यंतचं (खाचेच्या दुसऱ्या बाजूच्या, व्हीशेजारच्या वाकवलेल्या रुळापर्यंतचं) अंतर, चेक स्पॅन, १९.० मिमी.

आता दोन अटी. पहिली: बॅक-टू-बॅक अधिक एका फ्लँजची जाडी, ही बेरीज चेक गेजपेक्षा कमी हवी. ईएम चाकाचा फ्लँज साधारण ०.६ मिमी धरला तर १९.९, म्हणजे २०.० मध्ये बसतं, मोकळीक ०.१ मिमी. दुसरी: चेक स्पॅन बॅक-टू-बॅकपेक्षा कमी हवा, नाहीतर चाकजोडी चेक रेल आणि विंग रेल यांच्यावर आवळून बसते आणि वर चढते. १९.० विरुद्ध १९.३, ठीक.

पहिल्या अटीतली मोकळीक ०.१ मिमी आहे, हे पुन्हा वाचा. डाख देताना रूळ तापून एवढा सहज सरकतो. खोट शोधायची ती इथे.

खोट डब्यात की रुळात

हे कळायला पाच मिनिटं लागतात आणि बरेच जण नेमकं हेच करत नाहीत. इंजिन बाजूला ठेवा. वाघीण एकटी, बोटाने, अगदी हळू सांध्यावरून ढकला. कोणतं चाक, कुठे, कशावर चढतं ते पाहा. डोळ्याला दिसत नसेल तर मोबाइल रुळाच्या पातळीवर ठेवून स्लो-मोशनमध्ये टिपा. मग वाघीण उचलून, तिचं पुढचं टोक मागे करून, त्याच दिशेने पुन्हा ढकला. आता दुसऱ्याच चाकजोडीचं चाक त्याच जागी पडलं, तर खोट रुळात आहे. त्याच चाकजोडीचं चाक पडलं, तर त्या चाकजोडीत किंवा सांगाड्यात आहे. वाघीण कशीही ठेवली तरी चाक कधी पडलं, कधी नाही, तर दोन्हीकडे थोडी थोडी आहे, आणि आयरिश गेजवर हे सगळ्यात जास्त आढळतं.

कानही लावा. टोकावर आदळून वर चढणं आणि खाचेत खाली बुडणं हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात चाक उचलतं. दुसऱ्यात ‘टक्’ असा आवाज होऊन चाक बसतं, मग पुढे निघतं. उपाय वेगळे, त्यामुळे गल्लत नको.

टोकावर आदळत असेल तर

आधी बॅक-टू-बॅक. एकाच जागी मोजू नका. चाकजोडी तृतीयांश फिरवत तीन जागी मोजा. तिन्ही आकडे सारखे आले तर चाकं काटकोनात आहेत. १९.२, १९.३, १९.५ असे आले तर चाक डुलतंय, आणि असं चाक फिरता फिरता कधी व्हीवर आदळेल, कधी नाही. ‘मधूनच घसरते’ या तक्रारीचं मूळ बरेचदा इथेच असतं.

आयरिश गेजवर चाकं डुलण्याचं एक खास कारण आहे. ब्रिटिश वाघिणींचा टोकदार अ‍ॅक्सल सहसा २६ मिमी लांब असतो. ओओच्या १४.५ वरून १९.३ वर जाताना प्रत्येक चाक २.४ मिमी बाहेर सरकतं. ईएम चाकाची रुंदी २.३ मिमी, दोन्ही चाकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर होतं २३.९. अ‍ॅक्सलची प्रत्येक बाजूला फक्त १.०५ मिमी उरते, आणि तिथे तर अ‍ॅक्सल टोकाकडे निमुळता व्हायला लागलेला असतो. चाकाचं भोक निमुळत्या भागावर आलं की पकड अर्धवट राहते. गोंद लावून ते त्या क्षणी घट्ट वाटेल, पण वाकडंच घट्ट होईल. २८ मिमीचा अ‍ॅक्सल घेतला की बाजूला २.०५ मिमी मिळतात आणि चाक सरळ भागावर बसतं. अर्थात मग बेअरिंगसाठी सांगाड्याची रुंदीही वाढवावी लागते. इंग्लिश किटचा सांगाडा तसाच वापरण्याचा मोह इथे सोडावा लागतो. डब्ल्यू-आयर्न, म्हणजे बेअरिंग धरणाऱ्या पट्ट्या, नव्याने, बाहेर सरकवून बसवा. चाक बसवताना जिग वापरा आणि अ‍ॅक्सल पकडणारं लॉकटाइट सुईच्या टोकाएवढंच लावा.

दुसरी गोष्ट, ओओची तयार चाकं ओढून रुंद केली असतील तर १९.३ हा आकडा त्यांना चालत नाही. आरपी२५/११० प्रकारच्या चाकाचा फ्लँज साधारण ०.७६ मिमी जाड असतो. १९.३ अधिक ०.७६ म्हणजे २०.०६, चेक गेज २०.०. चाक दरवेळी टोकाला घासणारच. अशा चाकांसाठी बॅक-टू-बॅक १९.२ ठेवा: बेरीज १९.९६, आणि चेक स्पॅनची अटही मोडत नाही. एकाच गाडीत दोन्ही प्रकारची चाकं असली तर दोन वेगळे आकडे पाळावे लागतील. वाघिणीच्या पोटावर बारीक अक्षरात लिहून ठेवा. पुढच्या वर्षी आठवणार नाही.

चाकं बरोबर निघाली तर सांध्याकडे वळा. इथे एक सवय बदलायची आहे. बहुतेक जण चेक रेल तिच्या शेजारच्या रुळापासून १ मिमीची पट्टी घालून बसवतात. गेज अचूक २१.० असेल तर हे चालतं. पण डाख थंड होताना रूळ आत ओढला जाऊन गेज २०.८ झाला असेल, तर त्या पट्टीने बसवलेल्या चेक रेलचा चेक गेज १९.८ येतो, आणि १९.९ची चाकजोडी टोकाला धडकते. उलट गेज २१.४ झाला असेल, तर चेक स्पॅन १९.४ होतो आणि १९.३ची चाकजोडी आवळली जाते. शेजारचा रूळ चेक रेलचा मालक नाही. तिचा मालक समोरचा व्ही आहे. म्हणून चेक रेल नेहमी समोरच्या व्हीच्या कडेपासून २०.० मोजून बसवा, शेजारची फट जी येईल ती येऊ द्या. त्यासाठी पितळी किंवा पोलादी तुकड्याचा साधा गेज (मापाचा ठोकळा) लेथवर एकदा करून घेतला तर जन्मभर पुरतो. तोवर कॅलिपर २०.० वर लॉक करून, अतिशय जपून, काम भागतं.

रूळ बसवताना तीन टेकूंचा मापाचा गेज वापरत असाल तर वळणावर तो मुद्दाम गेज थोडा वाढवतो. वळणाच्या मधोमध ते हवंच असतं, पण क्रॉसिंगपाशी नको. व्हीच्या दोन्ही बाजूंना काही सेंटीमीटर तो वापरू नका.

दुरुस्ती करताना अख्खा सांधा उखडू नका. तांब्याचा पातळ थर असलेले स्लीपर असतील तर चेक रेलचा डाख दोन ठिकाणी वितळवून ती सरकवता येते. एका वेळी एकच टोक तापवा आणि मध्ये थंड होऊ द्या, नाहीतर व्ही सुटतो आणि काम चौपट होतं.

खाचेत बुडत असेल तर

हा जवळपास नेहमी पद्धतींच्या सरमिसळीचा परिणाम. चाक विंग रेलवरून व्हीवर जाताना मधली खाच ओलांडतं. चाकाची रुंदी खाचेच्या दुपटीपेक्षा जास्त असेल तर एक कड सुटण्याआधी दुसरी कड आधार घेते. ईएम चाक २.३ मिमी, खाच १ मिमी: भागतं. पी४ या अधिक बारीक मापांच्या पद्धतीच्या चाकाची रुंदी साधारण २ मिमी. १ मिमीच्या खाचेवर ते अगदी काठावर येतं, आणि व्हीचं टोक जरा जास्त कानसलं गेलं असेल तर बुडतंच. पी४ चाकं आवडत असतील, आणि ती दिसतात सुंदर यात शंका नाही, तर सांधेही पी४च्या अरुंद खाचेने बांधा. अर्ध्यावर थांबण्यात काही हशील नाही.

व्हीचं टोक सुईसारखं ठेवू नका. थोडं बोथट करा आणि अगदी टोकाशी वरून केसभर उतार द्या, म्हणजे चाक त्यावर हळूच चढतं. जुन्या खोल फ्लँजची चाकं असतील तर खाचेच्या तळाला, डाखाच्या गोळ्यावर आपटतात. तळ खरवडून काढा.

सांगाडा

चार चाकांची वाघीण काचेवर ठेवा. एका कोपऱ्यावर बोट दाबून डुलली, तर रुळावर तीन चाकांवरच उभी राहते आणि चौथं चाक कुठलंही टोक सापडलं की वर चढतं. एक अ‍ॅक्सल मधोमध टेकूवर डुलता ठेवला की हा प्रश्न सुटतो. सीआयई या आयर्लंडच्या सरकारी वाहतूक कंपनीच्या काळात तिचे इंजिनिअर बुलीड यांच्या देखरेखीखाली केलेल्या नालीदार पत्र्याच्या उघड्या वाघिणींचं मॉडेल करत असाल, तर त्यांचा तळ त्रिकोणी कैच्यांचा असल्यामुळे नेहमीची डुलती चौकट लपवायला जागा कमी मिळते. पातळ पितळी पट्टीचा टेकू आधीच आखून घ्या. वजन प्रत्येक अ‍ॅक्सलमागे २५ ग्रॅमच्या आसपास पुरतं. वजन वाढवून चेक गेजची चूक झाकता येत नाही. जड वाघीण घसरायची तशीच घसरते, फक्त पडल्यावर नुकसान जास्त करते.

सहाचाकी डबे

यांना वेगळं प्रकरण हवं, कारण आयर्लंडमध्ये ते १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकून होते आणि सीआयईच्या हिरव्या रंगातला सहाचाकी डबा मॉडेलात असावा असं प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटतं.

समजा टोकाच्या दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर मॉडेलमध्ये ८० मिमी आहे, म्हणजे खरं २० फूट. वळणाची त्रिज्या ९०० मिमी. मधला अ‍ॅक्सल वळणावर किती बाजूला सरकायला हवा? ८०चा वर्ग भागिले (८ गुणिले ९००), म्हणजे ०.८९ मिमी. आता उपलब्ध मोकळीक पाहा. गेज २१.०, चाकजोडीची फ्लँजसकट बाहेरची रुंदी १९.३ अधिक दोनदा ०.६, म्हणजे २०.५. एकूण मोकळीक ०.५ मिमी. जवळपास ०.४ मिमी कमी पडते, तेवढ्याने मधली चाकं डब्याला उचलून धरतात. सांध्यावर तर चेक रेल उरलीसुरली मोकळीकही काढून घेते. म्हणून सहाचाकी डबा साध्या वळणावर कण्हत का होईना जातो आणि वळणदार सांध्यावर हमखास पडतो.

उपाय: मधल्या अ‍ॅक्सलला प्रत्येक बाजूला किमान १ मिमी सरकता येईल अशी मोकळी जागा द्या. टोकदार अ‍ॅक्सलने हे होत नाही. मधला अ‍ॅक्सल सरळ घ्या आणि नळीत सैल बसवा, वर-खालीही थोडा हलू द्या. डब्याचं वजन दोन टोकांच्या अ‍ॅक्सलनी पेलावं, मधल्याने फक्त सोबत करावी. वळण १२०० मिमी त्रिज्येचं करता आलं तर गरज ०.६७ मिमीवर येते, पण तेवढी जागा कुणाकडे असते! खऱ्या रेल्वेवरच्या क्लेमिन्सन पद्धतीसारखी, तिन्ही अ‍ॅक्सल एकमेकांना जोडून वळवणारी रचना मॉडेलातही चालते. लांब डब्यांसाठी ती करण्यासारखी आहे.

इंजिनं

जे-१५ सारख्या सहाचाकी इंजिनातही हाच हिशेब लागतो. मधल्या चाकांना बाजूची मोकळीक द्या आणि फ्रेमचे स्पेसर २१ मिमीसाठी रुंद करून घ्या. ओओ किटमधले अरुंद स्पेसर ठेवून चाकं मात्र बाहेर काढली, तर अ‍ॅक्सल लांबवर उघडा पडतो, वॉशरच्या चळती घालाव्या लागतात आणि इंजिन डोलतं. आयर्लंडच्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या निळ्या ४-४-० (पुढे चार लहान, मागे चार मोठी चाकं) इंजिनांत, १९३२चा व्ही वर्ग असो की १९४८चा व्हीएस, पुढची बोगी हलकी राहते आणि क्रॉसिंगवर आधी तीच पडते. तिच्यावर बारीक स्प्रिंगने थोडं वजन आणा. बोगी नुसती सोबत फरफटत नेली तर ती चेक रेलचं ऐकत नाही.

डिझेल इंजिनं तयार मिळतात आणि चांगली मिळतात, पण ती १६.५ मिमीची. काही मॉडेलांत अ‍ॅक्सल दोन अर्ध्या तुकड्यांचा, मध्ये प्लास्टिकच्या दातेरी नळीत बसवलेला असतो. चाकं ओढून रुंद केली की नळीतली पकड कमी होते आणि अ‍ॅक्सल वाकडा फिरतो. ओढू नका, योग्य लांबीचा अखंड अ‍ॅक्सल घाला.

मागे ढकलताना

पुढे ओढताना सगळं ठीक आणि ढकलताना पडते, तर आकडे जवळजवळ बरोबर आहेत पण ती ०.१ मिमीची मोकळीक संपलेली आहे. कपलिंगचा तिरका रेटा बाकीचं काम करतो. ही चाचणी सगळ्यात कडक, आणि लिमरिक जंक्शन करणाऱ्याला ती चुकवताच येत नाही. त्या स्थानकावर कित्येक दशकं गाड्यांना फलाटाला लागण्यासाठी मागे ढकलत आणावं लागे. मी प्रत्येक नवा सांधा अख्खी गाडी ढकलत नेऊनच पास करतो. ओढून पास झालेल्या सांध्यावर खडी टाकत नाही. एकदा खडी चिकटली की चेक रेल सरकवणं जिवावर येतं.

भारतीय ब्रॉडगेजवाल्यांसाठी

हाच त्रास आपल्याकडच्या गाड्या खऱ्या गेजवर करणाऱ्यांना होतो. १६७६ मिमी भागिले ७६.२ म्हणजे २२ मिमी, आयरिशपेक्षा बरोबर १ मिमी जास्त. वरचे चारही आकडे त्याच चालीने ठरवा: बॅक-टू-बॅक २०.३, चेक गेज २१.०, चेक स्पॅन २०.०, आणि खाच तीच १ मिमी. फक्त अ‍ॅक्सल जपून निवडा. ईएम चाकं लावली की बाहेरची रुंदी २४.९ होते आणि २८ मिमीच्या अ‍ॅक्सलवरही बाजूला १.५५ मिमीच उरतात, तेव्हा विकत घेण्याआधी निमुळता भाग कुठून सुरू होतो ते कॅलिपरने पाहून घ्या.